गावात संगीताचा क्लास कायले पाहिजे? (ग्रामसभेसाठी एक पान मजकूर हवा आहे)

पऱ्हाटी (धागाकर्ता)

मंडळी, काम अडलं म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, जमीन काळी, उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की त्यात कोंबडीचं पिल्लू हरवावं. या गावात आमच्या गुरुजींनी बत्तीस वर्षं संगीताचा क्लास चालवला. विठ्ठल मंदिरामागची टिनाची खोली, दोन पेट्या, अडीच तबले (एकाचा डग्गा फुटलेला, म्हणून अडीच), भिंतीवर विष्णु दिगंबर पलुसकरांचा फोटो. फी महिन्याला वीस रुपये, नाहीतर हंगामात पायलीभर ज्वारी. ज्यांनी दोन्ही दिलं नाही त्यांनाही गुरुजींनी कधी घरी पाठवलं नाही. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात गुरुजी गेले. तेव्हापासून खोलीला कुलूप आहे.

खोली ग्रामपंचायतीची. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना ती व्यायामशाळेसाठी हवी आहे. मागणी चुकीची नाही, माझा पुतण्याच त्यात आहे. मी आणि दोघातिघांनी क्लास पुन्हा सुरू करावा म्हणून अर्ज दिला. सरपंचबाई सरळ बोलल्या, "भाऊ, पोट्टे भरती झाले तर घराले पगार येते. तुमच्या सा रे ग म नं गावाचं काय होते, ते एका पानावर लिहून आना. ग्रामसभेत वाचून दाखवतो."

चार दिवस झाले, पान कोरंच आहे. मी स्वतः मध्यमा या परीक्षेपर्यंत शिकलो आणि सोडलं. संगीत मनाला शांती देतं वगैरे लिहिलं तर लोक हसतील, हसायलाच पाहिजे. मला खरा इतिहास हवा आहे. ही शाळा-परीक्षेची भानगड कुठून आली, कोणी आणली आणि आमच्यासारख्या गावात तिनं नक्की काय केलं? माहीतगारांनी लिहावं.

---

नर्मदेचा_गोटा

फोटोपासूनच सुरू करू.

पलुसकरबुवांचा जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. लहानपणी शोभेची दारू उडून डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. शाळा सुटली म्हणून गाण्याला लावलं, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. बाळकृष्णबुवांचं शिकणं कसं झालं हे वाचलंत तर आपण तक्रार करायचं सोडू. गुरूच्या घरी पाणी भरायचं, भांडी घासायची आणि गुरूची लहर लागली तर दोन ताना कानावर पडायच्या. बुवा स्वतः शिष्यांना मोकळेपणानं देणारे होते, पण रीत तीच.

1896 मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. फिरत फिरत लाहोरला पोचले आणि 5 मे 1901 ला तिथे गांधर्व महाविद्यालय काढलं. बारकावा असा की हे संस्थानिकाच्या मेहेरबानीवर काढलेलं नव्हतं. जलसे करायचे, तिकिटं लावायची, देणग्या गोळा करायच्या आणि त्यावर शाळा चालवायची. वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तकं, स्वरलिपी (म्हणजे सूर कागदावर लिहायच्या खुणा), परीक्षा. आज आपल्याला हे सगळं इतकं साधं वाटतं की त्या काळी हे किती उफराटं होतं ते लक्षात येत नाही. गाणं हे घराण्याच्या तिजोरीतली वस्तू होती, यांनी त्याचं पुस्तक छापून विकायला ठेवलं.

आणखी एक गोष्ट, तुमच्या गुरुजींशी थेट नातं असलेली. लाहोरला त्यांनी 'उपदेशक वर्ग' सुरू केला. काही वर्षं शाळेतच राहायचं, जेवणखाण शाळेचं, आणि शिकून झाल्यावर दुसऱ्या गावी जाऊन शिकवायचं. गवई घडवण्यापेक्षा मास्तर घडवण्याचा तो कारखाना होता. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यातली मोठी नावं. बाकीचे गावोगाव पांगले. त्यांच्या शिष्याचा शिष्य असा कोणीतरी तुमच्या टिनाच्या खोलीत येऊन बसला.

1908 मध्ये मुंबईची शाखा निघाली. मोठी इमारत बांधली, ती कर्जात गेली, लिलाव झाला. बुवा नाशिकला रामनामात रमले आणि 1931 च्या ऑगस्टमध्ये गेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज प्रारंभिक ते अलंकार ज्या परीक्षा होतात त्या या मंडळाच्या. म्हणजे इमारत गेली आणि परीक्षा उरली. हे वाक्य तुमच्या पानावर घालू नका, पंचायतीला वाटेल इमारतीची गरजच नाही.

---

हळदीकुंकू_नको

वाचतेय. सरपंचबाईंचा प्रश्न मात्र आवडला बरं का. असा प्रश्न इथे दहा वर्षांत कोणी विचारला नव्हता.

---

तिरपी_रेघ

@नर्मदेचा_गोटा, छान प्रतिसाद, पण एक दुरुस्ती. पलुसकर पहिले नव्हेत. सयाजीरावांनी बडोद्याला मौलाबक्षांकडून गायनशाळा काढवली ती 1886 मध्ये. मौलाबक्षांची स्वतःची स्वरलिपी होती. पुण्यात गायन समाज 1874 चा. पलुसकरांचं वेगळेपण तुम्ही म्हणता ते, लोकवर्गणीवरची शाळा. आणि भातखंडे राहिले. ते वकील. 1916 ची बडोद्याची संगीत परिषद, 1918 चं ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय, 1926 चं लखनौचं मॅरिस कॉलेज, हे सगळं त्यांच्या खटपटीतून.

पलुसकर आणि भातखंडे या दोघांच्या दोन स्वरलिप्यांनी माझं बालपण नासवलं, ते सांगतो.

आमच्या क्लासात (यवतमाळ जिल्हा, गाव सांगत नाही) सरांकडे एक जुनं जीर्ण पुस्तक होतं, पलुसकर पद्धतीचं. मी शाळेत शिकलो ती भातखंडे पद्धत. भातखंड्यांत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक (वरचे सूर), खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचे सूर). पलुसकरांत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तारसाठी डोक्यावर उभी रेघ. सर गावाला गेले असताना मी ते पुस्तक उघडून घरी एकट्यानं बंदिश बसवली. मंद्रातलं सगळं तारात. दोन दिवस किंचाळत होतो. आजी म्हणाली, "याले दृष्ट लागली." सर आले, ऐकलं, आणि काही न बोलता पेटीचा भाता बंद करून बाहेर गेले. नंतर कळलं की हसायला गेले होते.

शिवाय समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) एकीकडे फुली, दुसरीकडे एकचा आकडा. आणि तीच फुली जरा तिरपी सोडून अधिक केली की पलुसकरांत 'खाली', म्हणजे तालातली टाळी नसलेली जागा! कोणत्याही दोन मराठी माणसांना एक चिन्ह ठरवायला सांगा, हेच होईल.

---

वैनगंगाकाठ

मी वडसा भागातला, म्हणजे देसाईगंज. आमच्याकडे पुणे-मुंबईचं नाव संगीतात फार निघत नाही जी. आमच्याकडे नाव निघते खैरागडचं.

तुम्ही पश्चिम विदर्भातले, तुमाले माहीत नसन म्हणून सांगतो. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, खैरागड. आता ते छत्तीसगडात आहे. गोंदियाहून गाडीनं डोंगरगड नाहीतर राजनांदगाव, मंग तिथून बस. तिथल्या राजा-राणीनं लेकीच्या आठवणीत आपला राजवाडा देऊन टाकला आणि तिच्या नावानं संगीताचं विद्यापीठ काढलं. स्थापना 14 ऑक्टोबर 1956. त्या दिवशी खैरागड ज्या मध्यप्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती. अठरा दिवसांनी राज्यं बदलली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, खैरागड नव्या मध्यप्रदेशात. म्हणजे आमच्या राज्यात निघालेलं विद्यापीठ तीन आठवड्यांच्या आत परराज्यात गेलं. विदर्भाच्या नशिबात जे जे आहे त्याच्या यादीत हे पण लिहा.

पहिले कुलगुरू श्रीकृष्ण रातंजनकर, भातखंड्यांचे पट्टशिष्य. म्हणजे तुमच्या क्लासात पलुसकरांचा फोटो आणि आमच्या पट्ट्यात भातखंड्यांची परंपरा. आमच्या गावातले ऑर्गनवाले एक काका तिथून शिकून आले. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या (आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकात रातभर ऑर्गन वाजवत, उन्हाळ्यात धानाच्या बांध्या नीट करत, आणि पावसाळ्यात आमाले शिकवत. त्यांचं एक होतं, नाट्यपद शिकवायच्या आधी त्या पदाचा राग गाऊन घ्यायचे. आमी म्हणू, "काका, आमाले नाटकात गायचं आहे, हे कायले?" ते म्हणत, रातच्या तीन वाजता नटीचा आवाज बसला आणि तिनं सूर बदलून मागितला तर तू काय करशीन?

हाच उपयोग आहे भाऊ. नाटकाच्या रात्री चार हजार लोक मंडपात बसले असताना पेटीच्या पांढरी चारवरून पांढरी तीनवर, म्हणजे एक पट्टी खाली उतरायचं, आणि ते लोकाले कळू द्यायचं नाही. हे काही सर्टिफिकेटवर लिहून येत नाही, पण क्लासाबिगर येतही नाही.

---

हिवरा_आश्रमाकडचा

सगळ्यांचं वाचून थोडा उलटा बोलतो. राग मानू नका.

आपल्या अख्ख्या वऱ्हाडाला गायला कोणी लावलं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. त्यांच्या हातात काय होतं, खंजिरी. ते कोणत्या क्लासात गेले? कोणती प्रवेशिका दिली? मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेलं भजन आणि सामुदायिक प्रार्थना आज गावागावात आहे, गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आहेत. गाडगेबाबांनी तर फुटक्या गाडग्यावर आणि दगडावर ताल धरून कीर्तन केलं. मग गावाला संगीत शाळा हवीच कशाला? तुमच्या त्या परीक्षांनी काय केलं सांगा. सात वर्षं घासून 'विशारद' झालेले किती लोक एक अभंग चार माणसांत धीटपणे म्हणू शकतात? दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मायबाप पोरांना कोंबतात, गुण मिळाले की पेटी माळ्यावर.

---

पऱ्हाटी (धागाकर्ता)

@हिवरा_आश्रमाकडचा, राग कशाला? पण खंजिरीवरून मला एक आठवलं ते लिहितो.

आमच्या गावात भजनी मंडळ क्लासच्या आधीपासून होतं. जुने लोक सांगतात, तेव्हा ज्याचा गळा मोठा त्याचा सूर. तो बहुतेक काळी चारला लावायचा, कारण सुरुवातीला जोश असतो. तिसऱ्या अभंगापर्यंत निम्मं मंडळ तोंड हलवायचं आणि निम्मं ओरडायचं. गुरुजी आल्यावर त्यांनी पहिल्या एकादशीला इतकंच केलं की पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "आज काळी एकवर म्हनू." त्या रात्री प्रथमच मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचा आवाज ऐकू आला म्हणतात. माझ्या आजोबांचा त्यात होता. आजी सांगायची, "लग्नाले चाळीस वर्षं झाले, मले मालूमच नव्हतं हा मानूस गाते."

महाराज क्लासात गेले नसतील. पण महाराजांचं भजन म्हणणाऱ्या पंचवीस लोकांना एका सुरात आणायला आमच्याकडे क्लासातलाच माणूस लागला.

सर्टिफिकेटबद्दल मात्र तुमचं खरं आहे. माझं स्वतःचं मध्यमाचं कुठे आहे, मला सांगता येणार नाही.

---

नर्मदेचा_गोटा

प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, त्यावर अलंकार. वर्षातून दोन सत्रं, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. आता हे वेळापत्रक कोणी केलं असेल ते असो, कापूस वेचणीच्या दिवसांत एक परीक्षा आणि पंचेचाळीस अंशात दुसरी. विदर्भातल्या शेतकऱ्याचा पोरगा नापास करायचा असेल तर याहून नेमका मुहूर्त सापडणार नाही. (रागावू नका, पुण्यात बसून गंमत करतोय.)

---

खारी_बिस्किट

गंमत नाही हो काका, खरंच झालंय. मी अकरा वर्षांची असताना माझी प्रवेशिका होती नोव्हेंबरात. घरी वेचणी लागली होती, मजूर मिळत नव्हते. बाबा म्हणाले परीक्षा पुढच्या वेळी. गुरुजी (आमचे वेगळे, हिंगणघाट भागातले) सकाळी सहाला वावरात आले, कमरेला ओटी बांधली आणि माझ्याऐवजी दुपारपर्यंत कापूस वेचला. किती वेचला माहीत नाही, बाबा म्हणायचे पाच किलोही नसेल, अर्धी त्यात पाती. पण बाबांना लाज वाटली आणि मला एस.टी.त बसवलं.

परीक्षक बाईंनी विचारलं, भूप आणि दुर्गा दोन्ही राग पाच स्वरांचे, मग फरक काय? मी म्हटलं, भूपात म आणि नी नाही, दुर्गात ग आणि नी नाही. त्या म्हणाल्या, हे पुस्तकातलं झालं, आता गाऊन सांग. मी भूप गाता गाता मध्यम लावला. म्हणजे चुकले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आता तू दुर्गाच्या दारात उभी आहेस, आत जा किंवा परत ये. अजून आठवतं.

आणि एक सांगते, जे पुरुष आयडींनी लिहिलं नाही. माझ्या लहानपणी गावात संध्याकाळी सातनंतर मुलींना घराबाहेर पडायला दोनच कारणं चालायची, देऊळ आणि क्लास. क्लास देवळातच होता म्हणून डबल चाललं. आम्ही तिथे गायलो, भांडलो, दहावीचे फॉर्म भरले, एकीनं तिथूनच नर्सिंगचा अर्ज टाकला. पुढे मी बी.ए.ला संगीत घेतलं ते कॉलेज जवळ होतं आणि विषय घरच्यांना 'सभ्य' वाटला म्हणून. व्यायामशाळा झाली तर तिथे मुली जातील का? सरपंचबाईंना हे विचारा, त्यांना चटकन कळेल.

---

तिरपी_रेघ

'सभ्य' वरून. पलुसकरांचा हा मोठाच उद्योग होता, गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देणं. भल्या घरच्या मुलामुलींनी गावं म्हणून त्यांनी शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलून भक्तीचे घातले. त्याची किंमतही होती. ज्यांनी हे गाणं पिढ्यान्पिढ्या सांभाळलं त्या कलावंतिणी आणि मुसलमान उस्ताद या नव्या शाळेच्या बाहेर राहिले. काही ठिकाणी नोकरीला ठेवले गेले, पण शाळा त्यांची नव्हती.

---

बाराबलुतं

हे निघालंच आहे तर लिहितो. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझे आजोबा सनई वाजवायचे. लग्नात, मिरवणुकीत, पोळ्याला बैलांपुढे. वडील डफडं, नंतर बेंड पार्टीत क्लॅरिनेट. आमच्या गावात पण क्लास होता, देवळात. तिथे कोणी नाही म्हटलं नाही. पण कोणी या पण म्हटलं नाही. देवळाच्या पायरीपाशी वाजवायला बोलवायचे, आत शिकायला नाही. आजोबांना कोणता राग वाजवता हे सांगता यायचं नाही. एकदा क्लासचे मास्तर बाहेर येऊन म्हणाले, तुम्ही वाजवलं ते भीमपलास होतं. आजोबा घरी येऊन आजीला म्हणाले, "मास्तर म्हनते मी भीम वाजवला." आमच्या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ होता. म्हातारा दोन दिवस खुशीत होता.

मास्तर वाईट नव्हते. नंतर त्यांनीच वडिलांना पेटीवर सूर ओळखायला शिकवलं, आमच्या घरी येऊन, देवळात नाही. त्यावर वडिलांनी जयंतीला भीमगीतांचं पथक बसवलं, ते आजही आहे.

@वैनगंगाकाठ, तुम्ही 14 ऑक्टोबर 1956 लिहिलं तिथे मी थांबलो. त्या दिवशी आमचे आजोबा नागपुरात होते, दीक्षाभूमीवर. एकाच राज्यात एकाच दिवशी दोन दारं उघडली. आमचं घर त्यातल्या एकात गेलं. दुसऱ्यात जायला मला चाळीसावं वर्ष लागलं, आता मी तबला शिकतो, प्रारंभिकला बसलो तेव्हा शेजारी आठ वर्षांची पोरगी होती. तिला जास्त मार्क मिळाले.

पऱ्हाटी भाऊ, क्लास पुन्हा सुरू करत असाल तर देवळामागच्या खोलीत करा, पण दार रस्त्याच्या बाजूनं ठेवा.

---

हळदीकुंकू_नको

@बाराबलुतं __/\__

---

हिवरा_आश्रमाकडचा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(संपादित: आधी काहीतरी लिहिलं होतं, वरचा प्रतिसाद वाचून काढलं.)

---

दगडी_पाटा

मी उशिरा आलो. इतिहासात एक परदेशी भर. युरोपात ज्याला कन्झर्व्हेटरी म्हणतात तो शब्द इटालियन 'कन्झर्वातोरिओ'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ सांभाळण्याची जागा, म्हणजे अनाथाश्रम. नेपल्समध्ये अशा चार संस्था होत्या, त्यातली एक 1537 ची. टाकलेली पोरं सांभाळायची, त्यांना काही हुन्नर शिकवायचा. गाणं शिकवलं तर पोरं चर्चमध्ये, मिरवणुकीत, मर्तिकाला गाऊन आश्रमाला पैसे आणत. हळूहळू गाणंच मुख्य झालं आणि पैसे देऊन शिकणारी बाहेरची मुलं यायला लागली. सरकारी पद्धतीचं मोठं संगीत विद्यालय नंतरचं, पॅरिसचं 1795 चं, क्रांतीतून निघालेलं.

आपल्याकडे याच जातीची गोष्ट मैहरची. 1918 च्या साथीत अनाथ झालेल्या पोरांना घेऊन अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर बँड बसवला. बंदुकीच्या नळ्या कापून त्याचं नलतरंग केलं.

आणि विदर्भात लांब कशाला, वरोऱ्याजवळ आनंदवनात जा. तिथल्या 'स्वरानंदवन'मध्ये कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग असे लोक वाद्यवृंदात आहेत. एकदा पाहिला आहे मी कार्यक्रम. सुरुवातीची दहा मिनिटं आपण दयेनं ऐकतो, नंतर विसरतो.

हे सगळं लिहायचं कारण, सरपंचबाई पगाराबद्दल बोलल्या ना? संगीत शाळा मुळात पोट भरण्याचं हुन्नर म्हणूनच निघाल्या होत्या. मनःशांती नंतर आली. झाडीपट्टीवाल्यांना विचारा, एका मोसमात ऑर्गनवाला किती कमावतो.

---

वैनगंगाकाठ

आकडा नाही सांगत जी, आयकरवाले पण वाचत असतीन. पण चांगल्या ऑर्गनवाल्याले आणि तबल्यावाल्याले दिवाळीच्या आधीच कंपनीवाले बुक करतात. वडश्यात ऑफिसं आहेत त्यांचे, बोर्ड लावून. पोलीस भरतीत हजारो पोट्टे धावतात. आमच्याकडे तबलेवाला मिळत नाही म्हणून नाटकाची तारीख बदलते. हे लिहा पानावर.

---

खारी_बिस्किट

अरे वा, हे तर छान झालं.

पऱ्हाटी भाऊ, दर्यापूर म्हणजे तुमच्याकडून शकुंतला रेल्वेनं खाली उतरलं की मूर्तिजापूर ना? वसंतराव देशपांड्यांचा जन्म तिथला, 1920 चा. शिकले नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींकडे. आता शकुंतला बंद आहे, पण गावातल्या लोकांना हे नाव सांगा. शेजारच्या गावचा माणूस म्हटलं की लगेच पटतं.

---

पऱ्हाटी (धागाकर्ता)

धागा वर आणतोय. काल ग्रामसभा झाली.

पान लिहिलं, पण ते एकच पान ठेवायचं म्हणून बरंच कापलं. लाहोर एका ओळीत, खैरागड एका ओळीत. वसंतराव ठेवले (मूर्तिजापूर म्हटल्यावर मागून कोणीतरी "आपल्या मामाचं गाव" ओरडलं). वडश्याच्या तबलेवाल्याची गोष्ट ठेवली. मुलींचं सरपंचबाईंनी स्वतःच वाचलं, दोनदा. बाराबलुतं यांचं दाराचं मी तोंडी मांडलं. सभेत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्या बेंड पार्टीचे एक काका उठले आणि म्हणाले, दार फोडायचं असन तर गवंडी माझा, विटा पंचायतीच्या.

व्यायामशाळावाले पण होते. निर्णय असा: सकाळी पाच ते आठ पोट्टे, संध्याकाळी सहा ते नऊ क्लास. डंबेल एका कोपऱ्यात, तबले दुसऱ्या. शिकवणारा मिळेपर्यंत मीच शिकवायचं, म्हणजे जे येतं तेवढं. पहिल्या दिवशी अकरा जण आले, त्यात माझा भरतीवाला पुतण्या. त्याला ताल शिकायचा आहे म्हणे, सोळाशे मीटर धावताना मोजायला. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात हे ऐकून त्याला फारच आनंद झाला.

आता अडचण. कुलूप उघडलं तर एका पेटीच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं आहे आणि दोन सूर दाबले की बोलतच राहतात. आणि तबल्यांची पुडी (वरचं चामडं) इतकी ताणली आहे की काळी एकचा तबला पांढरी दोनवर गेला आहे. हातोडी मारायची हिंमत होत नाही. कोणाला अनुभव?

---

बाराबलुतं

पुडी मे महिन्यात तशीच होते, चामडं सुकतं. ठोकू नका अजिबात, गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) वर सरकवून वादी (चामड्याची पट्टी) सैल करा आणि तबला रात्रभर माठाजवळ ठेवा, ओल्या कापडाला टेकवू मात्र नका, शाई (मधला काळा गोल) सुटेल. नवी पुडी चढवायची असेल तर पाऊस पडेपर्यंत थांबा.

---

वैनगंगाकाठ

सूर बोलत राहते म्हणजे पट्टीखालची स्प्रिंग गेली नाहीतर झडपेखाली कचरा अडकला. तुमच्याकडे कापसाचा भुसा उडते, तोच असन. पट्टी उचला, मोराचं पीस फिरवा. भात्याचं भोक सायकलच्या ट्यूबनं नका चिकटवू, जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याचं कापड असते ना, ते लावा, सरसानं. आमच्या काकांनी तसंच लावलं होतं, अजून हवा धरून आहे.